मधलं कुठं गेलं?

आमचे घरमालक खुर्चीवर उकिडवे बसत. दोन्ही पाय वर घेऊन, गुडघ्यांना हातांची मिठी घालून, आणि तेही माझ्या दुकानातल्या चाकांच्या फिरत्या खुर्चीवर. आज पडतील, उद्या पडतील म्हणून सुरुवातीला मी सारखी दचकायचे. ते कधी पडले नाहीत. पडले ती मी, त्यांनी ऊन लागतं म्हणून दुकानात आणून सोडलेल्या करडाला अडखळून.

आखाडा बाळापूरला रस्त्याला लागून त्यांचे दोन गाळे होते. एकात माझं डिझाइनचं दुकान होतं. लग्नपत्रिका, बॅनर, दुकानांच्या पाट्या, गाड्यांवर चिकटवायची रेडियमची नावं, असली कामं मी करायचे. दुसऱ्या गाळ्यात त्यांच्या शेळ्या होत्या आणि मागे घर. गाळा देताना त्यांनी एकच अट घातली, "शेरडांकडच्या भिंतीला खिळा ठोकायचा न्हाई. बुजतेत." एवढी साधी अट घालणारा मालक मिळाला म्हणून मी हिंगोलीला आईला फोन करून कौतुकानं सांगितलं. आपण रोज शटर वर गेलं की आत येऊन बसणार आहोत, हे मात्र त्यांनी सांगितलं नव्हतं.

सगळं गाव त्यांना आबा म्हणायचं, मीही म्हणायला लागले. तरुणपणी मेंढरं घेऊन फिरलेला माणूस. आता मेंढरं गेली होती आणि दिवसभर कशाकडे तरी नजर लावून बसायची सवय तेवढी उरली होती. मी येण्याआधी ते रस्त्याकडे बघत बसायचे, मी आल्यावर माझ्या स्क्रीनकडे बघू लागले. मला आधी याचा फार राग यायचा. मागे कोणी बसलं की माझा हात चालत नाही. पण मालकाला बाहेर जा कसं म्हणणार?

त्यांच्या प्रश्नांना बचत गटाच्या चिन्हापासून सुरुवात झाली. गावातल्या बायकांना एकमेकांत अडकलेले दोन गोल हवे होते, एक शेतीचा आणि एक शिवणकामाचा. मी गोल काढले, रंग भरला आणि दोघांना एक करताना भलतंच बटण दाबलं. आमच्या धंद्यात हे रोजचं आहे. दोन आकार तसे जोडले, की जिथं ते एकमेकांवर येतात तेवढाच भाग रिकामा होतो. सॉफ्टवेअर तिथं भोक धरतं. गोल हिरवे राहिले आणि मधे बदामाच्या आकाराचा पांढरा तुकडा उरला.

आबा खुर्चीवरून खाली उतरले आणि स्क्रीनपाशी वाकले.

"मधलं कुठं गेलं?"

"कुठं जाईल, आबा? रंग भरला गेला नाही तिथं."

"काहून? याचा रंग यात हाय, त्याचा त्यात हाय. मधी तर दोघांचाबी हुता. मंग दोघांचा हुता तिथंच काहून न्हाई राहिला?"

नियम मला येत होता. क्लासमध्ये पाठ केला होता. बाहेरून येताना एक रेघ ओलांडली की रंग, दोन ओलांडल्या की रंग नाही. तो मी त्यांना म्हणून दाखवला.

"म्हंजे घरात गेलं की घरात," आबा म्हणाले, "आन् माजघरात गेलं की परत बाहेर?"

"तसंच काहीतरी."

"कोणी ठरवलं हे?"

ते मला माहीत नव्हतं. आबा उठून गेले. दुपारी परत आले, खुर्चीवर चढून बसले आणि मला म्हणाले, "माजघरात जाऊन आलो. आतच हुतो."

माणूस माझी थट्टा करतोय की खरोखर जाऊन बघून आलाय, याचा त्यांच्या चेहऱ्यावरून कधी पत्ता लागायचा नाही. त्या दोघांच्या मधल्या भागावरूनच त्यांना आपली एक मेंढी आठवली. तिच्या मानेवर यांनी गेरूची खूण केलेली आणि मागच्या पुठ्ठ्यावर मेहुण्यानं निळीची. दोन्ही कळप एकत्र झाले तेव्हा हा घोळ झाला होता. भांडण नको म्हणून ती दोघांनीही विकली नाही, म्हातारी होऊन मेली. मी विचारलं, "पण मग ती होती कोणाची?" आबांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की मलाच माझा प्रश्न खुळा वाटला.

"कोणाची म्हंजे? मेंढी हुती ती."

त्यांची समजूत पटावी म्हणून मी त्या गोलांचं दुसरं तंत्र करून दाखवलं. दोघांना जोडायचंच नाही, नुसतं एकावर एक ठेवायचं. वरच्याचा रंग दिसतो, खालचा त्याच्यामागे झाकला जातो. मग वरच्याला माउसनं धरून बाजूला ओढलं, की खालचा गोल जसाच्या तसा, कुठंही न तुटलेला.

"म्हंजे ह्यो अख्खाच हुता," आबा म्हणाले.

"अख्खा असतोच, आबा. फक्त दिसत नाही."

हे वाक्य त्यांना इतकं आवडलं, की ते घरी घेऊन गेले. शेळीच्या पोटाकडे बघून म्हणायचे, ढगाकडे बघून म्हणायचे, एकदा तर जेवणाच्या डब्याकडे बघून म्हणाले. आणि मग ते त्यांनी गिऱ्हाइकाला ऐकवलं.

वाढदिवसाच्या बॅनरचं काम कसं चालतं ते सांगते. जुनी फाइल उघडायची, त्यातल्या पोराच्या फोटोवर नव्या पोराचा फोटो ठेवायचा आणि नाव बदलायचं. आधीचा फोटो काढत बसायला कोणाला वेळ आहे? तो खालीच राहतो, छापल्यावर दिसत नाही. एक गृहस्थ भाच्याचं बॅनर बघायला आले होते. भाचा गॉगल लावून मस्त दिसत होता. मामा खूश होते. तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून आवाज आला.

"तुमच्या भाच्याच्या खाली अजून एक पोरगं हाय."

"काय म्हणून राहिले हे?" मामांनी मला विचारलं.

"काही नाही, फाइलचं बोलतात."

"टोपीवालं हाय," आबांनी खुलासा केला. "आन् त्याच्याबी खाली एक हाय. काळजी करू नगा, अख्खी हायेत. फक्त दिसत न्हाईत."

मामांनी मला फोटो बाजूला घ्यायला लावला. खालचं टोपीवालं पोरगं नेमकं त्यांच्या भाऊबंदांचं निघालं, ज्यांच्याशी त्यांचं बोलणं बंद होतं. मग त्यांनी समोर उभं राहून एकेक पोरगं पुसायला लावलं आणि भाचा एकटा उरल्यावर म्हणाले, "आता बरं वाटतंय." ते गेल्यावर मी आबांवर मनसोक्त चिडले. आबांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ते संध्याकाळपर्यंत हळहळत होते, की बिचारी पोरं कुठं गेली असतील.

त्यांनी फोटो आणला तो दिवस माझ्या पक्का लक्षात आहे, कारण त्या दिवशी ते खुर्चीवर पाय खाली सोडून बसले. हातात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात वर्तमानपत्राची घडी आणि घडीत फोटो. जत्रेतल्या फोटोवाल्यानं काढलेला, काळा-पांढरा. एक तरुण, डोक्याला भलामोठा फेटा, कॅमेऱ्याच्या आत डोकावल्यासारखा पुढे आणि एका अंगाला कललेला. त्याच्या फेट्याआड आणि खांद्याआड एक बाई. तिचं निम्मंच तोंड दिसत होतं. एक डोळा, अर्धं नाक आणि अर्धे ओठ. ती आता हसणार आहे की ओरडणार आहे, ते उरलेल्या अर्ध्या ओठांवर अवलंबून होतं.

"ह्यो मी," आबा म्हणाले. "ही लेकीची माय. फोटोवाला म्हणला, हलू नगा. मी म्हणलं याच्या डब्यात काय दिसतंय ते बघावं, म्हणून वाकलो."

बायकोविषयी ते पहिल्यांदाच बोलत होते. लेक लहान असतानाच ती तापानं गेली, एवढं मला गावातून कळलं होतं.

"चांगला फोटो आहे, आबा. मोठा करून देऊ?"

"मोठा नगं. मला जरा बाजूला सरकव."

मला कळलंच नाही. त्यांनी बोटानं हवेत काहीतरी धरलं आणि अलगद डावीकडे ओढलं. माझ्यासारखंच, मी माउस ओढते तसं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

"आबा, फोटोत तसं नसतं. फोटोत खाली काही नसतं."

"व्हती की. मागं उभी व्हती ती."

"होत्या. पण कॅमेऱ्याला दिसल्या नाहीत ना."

"कॅमेऱ्याला न्हाई दिसली. पण व्हती तर खरी? तूच म्हणती, दिसत न्हाई तरी अख्खं असतंय."

मी खूप समजावलं. बॅनरवरचे आकार आपण काढलेले असतात, फोटो हा नुसता एक कागद असतो, असं काय काय. त्यांना पटेना, आणि सांगता सांगता मलाही ते पुरतं पटेना. शेवटी बोलण्यापेक्षा दाखवलेलं बरं म्हणून मी फोटो स्कॅन केला आणि फेट्याच्या कडेकडेनं कापून त्यांना उचललं. खाली फेट्याच्या आणि खांद्याच्या आकाराचं पांढरं भोक पडलं. त्याच्या कडेला त्यांच्या बायकोचं अर्धं तोंड, साफ कातरलेलं.

आबांनी त्या पांढऱ्यावर बोट ठेवलं.

"मधलं गेलं," ते म्हणाले. मग फोटो वर्तमानपत्राच्या घडीत नीट ठेवला आणि उठून गेले.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाहीत. मला मागे कोणी नको असायचं ना? आता मागची खुर्ची रिकामी होती आणि माझा हात मुळीच चालत नव्हता.

मग जवळा बाजारहून त्यांची लेक आली. मी तिला अक्का म्हणायचे. ती आबांच्या खुर्चीवर बसली, नीट, माणसं बसतात तशी.

"ताई, तुमी आबाला काय दाखवलं? जेवून न्हाई राहिले बराबर."

मी फोटोचं सगळं सांगितलं. अक्कानं पदराच्या टोकानं मानेचा घाम पुसला.

"त्यांची तकलीफ येगळीच हाय. म्हणतेत, आधी डोळे मिटले की ती यायची, बोलायची, चालायची. आता फोटोतलीच येती. अर्धी. बाकीचं तोंडच आठवंना झालंय. कोणाला बोलले न्हाईत इतके दिवस. त्यांना वाटलं, उरलेली तुमच्यापाशी निघल."

मला फार वाईट वाटलं. फोटो जपायला म्हणून माणूस इतकी वर्षं पेटीत ठेवतो, आणि तो फोटोच हळूहळू बाकीचं सगळं खाऊन टाकतो, हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं. एका म्हाताऱ्याची बायको दुसऱ्यांदा जात होती, आणि माझ्यापाशी उपाय म्हणून एक माउस होता.

मी मागच्या दारानं त्यांच्या घरी गेले. आबा शेळीच्या पुढ्यात पाला टाकत होते.

"आबा, फोटो नाही सरकवता येणार. पण मी तुम्हा दोघांना काढते. बॅनरवर काढते तसं, आधी त्यांना, वर तुम्हाला. मग खाली त्या अख्ख्या असतील."

"तू तिला पाहिलं हुतं?"

"नाही."

"मंग?"

"तुम्ही सांगा ना कशा होत्या."

"मला ठाव असतं तर तुझ्याकडं कशाला आलो असतो, माय?"

तरी दुसऱ्या सकाळी ते दुकानात आले. पाय वर घेऊन बसले, त्यानंच मला धीर आला.

दिसणारी बाजू मी फोटोवरून रेघारेघांनी काढून घेतली. कपाळ, डोळा, नाकाची कड. मग न दिसणाऱ्या बाजूसाठी सोपं ते केलं. तीच बाजू उलटी करून शेजारी लावली. झालं, अख्खं तोंड. आबांनी पाहिलं.

"ही न्हाई."

"काय चुकलं?"

"ते मला काय ठाव. पण ही न्हाई."

मी भुवई वर केली, खाली केली. नाक सरळ केलं, वाकवलं. आबा आपले "न्हाई" म्हणत राहिले. हे रोज सगळी सकाळ चालायचं, आणि मधे मधे पत्रिकांची गिऱ्हाइकं येऊन ही कोण म्हणून विचारून जायची. ज्याला आठवत नाही त्याला चुकलेलं कसं कळतं, हा प्रश्न मी स्वतःला इतक्यांदा विचारला की शेवटी विचारायचं सोडून दिलं.

एका सकाळी माझ्या हाताला हिसका बसला. गालाच्या रेघेवरचा बिंदू चुकून बाहेर ओढला गेला आणि तेवढा गाल फुगला. मी तो मागे घ्यायला गेले, तर आबा ओरडले, "थांब, थांब." चाकांची खुर्ची पुढे सरकत माझ्या खुर्चीला येऊन टेकली.

"सुपारी," ते म्हणाले.

"काय?"

"सुपारी ठिवायची ती त्या गालात. दिसभर. बोलतानाबी काढायची न्हाई, म्हणून मला तिचं निम्मं बोलणं कळायचंच न्हाई." आणि ते हसायला लागले. असं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी थांबेनात. "आन् मी म्हणायचो, काय म्हणतीस गं? तर अजून चिडायची."

मग एकामागून एक निघत गेलं. त्या कानाची पाळी चिरलेली होती, करडानं बाळी ओढली होती म्हणून. त्या बाजूची केसांची बट पदरात कधी राहायची नाही. मी काढत होते आणि ते सांगत होते, की मी चुकत होते आणि ते सुधारत होते, नक्की काय चाललं होतं सांगता येत नाही. पण तोंड भरत चाललं.

आणि मग अक्का आली, आणि स्क्रीनकडे बघून म्हणाली, "आई सुपारी खात न्हवती. मावशी खायची."

"तू लहान हुतीस," आबा म्हणाले.

"लहान हुते, पण कडेवर हुते. माझं तोंड तिच्या त्याच गालाला असायचं. देवीचा वण हुता तिथं, माझं बोट बसायचं त्यात. सुपारी असती तर लागली नसती?"

मी दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिले. एकानं तिच्यासोबत संसार केलेला, दुसरीनं त्या गालाला गाल लावलेला. मी कोण कोणाला खोटं ठरवणार? आणि मी तिथं बसून काढत होते तो गाल बायकोचा, आईचा, मावशीचा की कोणाचाच नाही, हेही मला कळेना.

शेवटी मी त्या आकाराची दुसरी प्रत केली. अक्कासाठी गाल सपाट केला आणि तिनं दाखवल्या जागी वण दिला. तिनं स्क्रीनवर बोट टेकवून पाहिलं आणि म्हणाली, "हां. ही." तिला आईचा एकटीचा फोटो हवा होता, भिंतीवर लावायला. मी छापून दिला. आबांनी तो हातात घेऊन पाहिला.

"बराबर हाय," ते म्हणाले.

"आणि आपली सुपारीवाली?"

"तीबी बराबर हाय."

"पण मग खरी कोणती, आबा?"

त्यांनी माझ्याकडे त्या मेंढीच्या वेळची नजर टाकली. "खरी म्हंजे? तिची माय हाय ती."

राहिलं आबांचं चित्र. लुगडं हिरवं, फेटा लाल, त्यांनीच सांगितलं. मी एकेक आकार बंद करून रंग भरत गेले. कुठं भोक राहू नये म्हणून प्रत्येक कड दोनदा तपासली. मग फेट्याला माउसनं धरलं, खांद्यासकट, आणि डावीकडे ओढलं. ती तिथं उभी होती. अख्खी. एका गालात सुपारी, चिरलेली पाळी, सुटलेली बट. ओठ आता पुरे होते. ती ओरडणार होती.

मी छापायची तयारी करायला लागले.

"आता मला ठिव परत," ते म्हणाले.

"कुठं?"

"हुतो तिथं. तिच्या पुढं."

मला वाटलं थट्टा करतात. "अहो, मग त्या झाकल्या जातील. तो जुना फोटो होता तसंच होईल सगळं. इतके दिवस आपण काय केलं मग?"

"ठिव तर."

मी ठेवलं. फेट्यामागे गाल गेला, कान गेला, बट गेली. एक डोळा, अर्धं नाक, अर्धे ओठ. तसंच छापून दिलं. आबांनी कागद उजेडात धरला, जवळ आणला, लांब नेला.

"आता खाली हाय ना ती?"

"आहे."

"अख्खी?"

"अख्खी आहे, आबा."

"मंग झालं," ते म्हणाले, आणि कागद वर्तमानपत्रात गुंडाळून शेळ्यांकडे निघून गेले.

काही दिवसांनी मी भीत भीत विचारलं, "येतात का आता? डोळे मिटल्यावर?" आबा करडाच्या तोंडातून माझ्या बॅनरचा तुकडा सोडवत होते. "येती," म्हणाले. "मागंच उभी असती. पण अख्खी. बडबडती. कळत न्हाई निम्मं."

आता माझं दुकान हिंगोलीला आहे. आबांची फाइल मी सोबत आणली आहे. कधी काम नसलं की ती उघडते, फेट्याला धरते आणि बाजूला ओढते. बाई येते. मी तिला कधी पाहिलेलं नाही, तिचा निम्मा चेहरा माझ्या हातून झालेला आहे, आणि तरी दर वेळी मला वाटतं, की ती मलाच काहीतरी सांगतेय, आणि सुपारीमुळे ते मला कळत नाहीये. मी जरा वेळ थांबून बघते. मग आबांना परत जागेवर ठेवते.